श्री. पेटंट यांस, भाईंदरच्या मेडिकलवाल्या बाईकडून

प्रति,
श्री. औषध-पेटंट,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई 400037

विषय : आपल्या सेवेचा आढावा, जुन्या तक्रारी आणि चार विनंत्या.

महोदय,

सा. न. वि. वि.

मायन्यात ‘चिरंजीव’ लिहायचं मुद्दाम टाळलं आहे. कायद्याने आपलं आयुष्य वीस वर्षांचं. ते एका दिवसाने वाढावं असा आशीर्वाद माझ्या तोंडून निघणार नाही. का, ते पुढे येईलच. मी भाईंदर पूर्वेला औषधांचं दुकान चालवते. सासऱ्यांनी ते काढलं तेव्हा गाव संपलं की मिठागरं सुरू व्हायची, आणि आपण या देशात जवळजवळ नव्हतातच. पुढे मी सून म्हणून आले, फार्मसीची सनद भिंतीवर टांगून गल्ल्यावर बसले, आणि आपणही परत आलात. ओळख तशी एकतर्फीच. आपण मला ओळखत नाही, मी मात्र आपल्याला रोज हाताळते. एखाद्या पट्टीच्या किमतीत आपण आहात की नाही, यावर समोरचं गिऱ्हाईक अख्खी पट्टी नेतं की चार गोळ्या कापून मागतं, हे ठरतं.

‘आपण’ म्हणून लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. इतक्या जुन्या ओळखीत ते फार वेळ जमायचं नाही. तुम्ही म्हणते, राग नसावा.

इकडची खुशाली अशी. मीरा-भाईंदर वाढतंच आहे. काशीमिऱ्याचा ट्रॅफिक जसाच्या तसा, विरार लोकलमध्ये भाईंदरला चढणं हे अजूनही ताकदीचं काम, आणि प्रत्येक बिल्डिंगीत मजल्यागणिक एक तरी शुगरवाला. 11 मार्च 2025 ला एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीवरची तुमची मुदत संपली. त्या आठवड्यात एमआर मंडळींनी माझा काउंटर अडवून धरला. जो तो आपल्या कंपनीची पट्टी पुढे सरकवून ‘मॅडम, आपला ब्रँड ठेवा’ म्हणत होता. आदल्या आठवड्यापर्यंत 60 रुपयांच्या आसपास जाणारी एक गोळी साडेपाच रुपयांपासून मिळायला लागली.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका ती गोळी एक दिवसाआड घेत. डॉक्टरांनी रोज सांगितली होती, पेन्शनने एक दिवसाआड. नवी किंमत ऐकून त्यांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली, मग माझ्याकडे संशयाने पाहिलं. ‘ताई, डुप्लिकेट नाही ना?’ म्हटलं, ‘काका, औषध तेच आहे, मक्ता संपलाय.’ ते म्हणाले, ‘मग इतकी वर्षं मी कोणाचं घर चालवत होतो?’ हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही. ज्याचा त्याला पोचवते आहे.

अर्थात त्याचं अर्धं उत्तर मलाही येतं आणि ते तुमच्या बाजूचं आहे. तेही लिहायला हवं, नाहीतर म्हणाल, बाई एकतर्फी बोलते. गोळी बनवायला फारसा पैसा लागत नाही, ती शोधायला लागतो. शेकड्यांनी रेणू प्रयोगशाळेतच बाद होतात. उंदरात चाललं ते माणसात चालत नाही. माणसात चाललं तर हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं चाचण्या, आणि त्यात शेवटच्या पायरीवर आपटलं की सगळा पैसा पाण्यात. एवढं करून कुणी औषध आणलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याने त्याची नक्कल बाजारात मांडली, तर पहिला पुन्हा त्या वाटेला कशाला जाईल? म्हणून सरकार त्याला सांगतं, तुझी युक्ती जगाला लिहून दे, बदल्यात वीस वर्षं ती दुसरा कुणी विकणार नाही. सौदा वाईट नाही. त्यातली ‘लिहून दे’ ही अट तर मला फार आवडते. पूर्वी वैद्य मेला की गुटीची कृती त्याच्याबरोबर चितेवर जायची. तुमच्यामुळे ती कागदावर राहते, याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या पाठीमागे काय होतं तेही आमच्या पश्चिम रेल्वेने पाहिलं आहे. 1963 साली गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहिलं, पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नैराश्यावरचं सिंटामिल तिथलंच. गोरेगावात जन्मलेलं औषध, म्हणजे आमच्यापासून काही स्टेशनांवरचं! पुढे ते केंद्र बंद पडलं. तुमची बाजू घेणारे त्याचं खापर तुम्हाला जवळजवळ घराबाहेर काढणाऱ्या 1970 च्या कायद्यावर फोडतात, आणि ते अगदीच बिनबुडाचं आहे असं मी म्हणणार नाही. उलट तुम्ही परत आल्यानंतर मुंबईच्या वोक्हार्टने नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं नवं अँटिबायोटिक काढलं. 2024 च्या नोव्हेंबरात ते जाहीर झालं, तेव्हा 14 वर्षं आणि सुमारे 500 कोटी रुपये लागल्याचं सांगण्यात आलं. काही कोटींची मदत सरकारच्या बायरॅक संस्थेने केली, बाकीचा जुगार कंपनीचा. तुमचं नाव पाठीशी नसतं तर कदाचित तो कुणी खेळलाही नसता. हे सगळं तुमच्या खात्यावर जमा.

आता थोडं जुनं. इंग्रजांच्या 1911 च्या कायद्याखाली तुम्ही इथे थाटात राहत होता. औषध परदेशी, मालक परदेशी, किंमतही परदेशी. 1961 च्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटमधल्या केफॉव्हर समितीने औषधांच्या किमती देशोदेशी ताडून पाहिल्या, तेव्हा गरीब भारत जगातल्या सर्वांत महागड्या देशांत निघाला. त्याच्या थोडं आधी, 1959 मध्ये, न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी सरकारला अहवाल दिला होता : औषधाच्या पदार्थावर कुणाला मक्ता नको, फार तर बनवण्याच्या पद्धतीवर द्या. तसा कायदा 1970 मध्ये झाला आणि 20 एप्रिल 1972 पासून लागू झाला. पद्धतीवरचा हक्क राहिला तोही जास्तीत जास्त सात वर्षं. सासरे म्हणायचे, त्या कायद्याने शहाण्या केमिस्टला काम दिलं. गाव तेच, पण जायची वाट दुसरी शोधायची.

ती वाट शोधण्यात आपल्या मुलखाचा हात मोठा. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथे पेनिसिलिन तयार झालं, आणि पुढे तिथल्याच शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. विरारच्या पुढे तारापूरला बल्क ड्रगचे कारखाने उभे राहिले. आमच्या फलाटावर सकाळी उलट दिशेची गाडी पकडणारे कितीतरी जण तिथलेच. मुंबई सेंट्रलची सिप्ला 1935 पासूनची. 2001 च्या फेब्रुवारीत तिच्या युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की एड्सवरची तीन औषधं मिळून एका रुग्णाचं वर्ष 350 डॉलरमध्ये भागवू. तुमच्या छत्राखाली त्याच औषधांना वर्षाला 10 ते 15 हजार डॉलर पडत होते. आफ्रिकेत माणसं भराभर मरत होती आणि औषध तर सापडलेलं होतं. साहेब, त्या वर्षी तुमची अब्रू गेली ती गेलीच. ती अजून पुरती परत आलेली नाही.

तरी जागतिक व्यापाराच्या करारापायी 1 जानेवारी 2005 पासून आम्ही तुम्हाला पुन्हा घरात घेतलं. घेताना मात्र संसदेने एक पाचर मारून ठेवली, कलम 3(ड). जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं आणि त्याने गुण वाढला नाही, तर ते नवं मानायचं नाही. आमच्याकडे निम्मं गाव अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतं, त्यामुळे ही गोष्ट मला चटकन कळते. करार संपला की काही भाडेकरू दाराला नवा रंग मारतात आणि म्हणतात, ही खोली आता वेगळी, करार पहिल्यापासून धरा. तुमच्यातले पुष्कळजण हेच करतात.

ग्लिव्हेकचं तुम्हाला आठवत असेल. रक्ताच्या कर्करोगावरचं औषध, महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात, आणि इथल्या कंपन्यांचं तेच दहा हजारांच्या आत. नोव्हार्टिसने त्याच्या एका स्फटिकरूपावर हक्क मागितला. विरोधात उभी राहिली मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. खटला चेन्नईपासून दिल्लीपर्यंत वर्षानुवर्षं चालला आणि 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला नाही म्हटलं. तारीख एक एप्रिलची, पण निकाल खराच होता.

त्याच्या वर्षभर आधी तुमच्या मुंबईच्या घरातच तुम्हाला टोला बसला होता. किडनी आणि यकृताच्या कर्करोगावरचं नेक्साव्हार बायर कंपनी महिन्याला 2,80,428 रुपयांना विकत होती. बायरचं भारतातलं मुख्यालय ठाण्यात, घोडबंदर रोडला, म्हणजे आमच्या काशीमिऱ्याहून निघणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. ज्यांना हे औषध हवं त्यांतल्या फार थोड्यांपर्यंत ते पोचत होतं. 9 मार्च 2012 ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. किंमत 8,880 रुपये, आणि बायरला विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी, जी पुढे 7 टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो निर्णय उचलून धरला. पेटंट रद्द झालं नव्हतं, हे लक्षात घ्या. मालकी बायरचीच राहिली, हक्काचं भाडंही मिळालं, फक्त दार उघडं ठेवायला सांगितलं. इतका समजूतदार तोडगा असूनही या देशात असा परवाना आजवर एकदाच निघाला. उपाय कायद्यात आहे आणि कपाटात आहे.

आता मुख्य तक्रार.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. पॉलिशच्या चाकावर डबे आणि पातेली चमकवणारी मुलं एकेका खोलीत आठ-दहा जण राहतात. संध्याकाळी दुकानात येतात तेव्हा पापण्यांच्या केसांपर्यंत काळी भुकटी बसलेली असते. मागतात खोकल्याचं औषध. त्यांतल्या एकाला टीबी निघाला, आणि तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. त्या काळी अशा टीबीला कानामायसिनची सुई टोचायचे, महिनोन् महिने. पोराने एकही सुई चुकवली नाही. टीबी गेला. बरा झाल्यावर पेढे घेऊन आला. मी विचारलं, ‘आता गावाला जाणार का रे?’ तो नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला. सुईने टीबीबरोबर त्याचे कानही नेले होते.

सुईवाचून उपाय निघालेला होता, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. बेडाक्विलिनला अमेरिकेत 2012 च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. चाळीसएक वर्षांत टीबीवर आलेलं नव्या जातीचं ते पहिलं औषध. आपल्याकडे 2016 मध्ये ते मोजक्या केंद्रांत, मोजक्या रुग्णांना मिळू लागलं. मूळ रेणूवरची तुमची मुदत जुलै 2023 मध्ये संपणार होती. जॉन्सन अँड जॉन्सनला ती 2027 पर्यंत हवी होती, आणि कशाच्या जोरावर, तर औषधाच्या फ्युमरेट सॉल्टच्या. मिठागरांच्या गावातल्या बाईला तुम्ही मीठ नवं म्हणून विकायला निघालात!

2019 मध्ये फ्युमरेटवरच्या त्या अर्जाला दोन मुलींनी विरोध केला. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तिका. दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. दोघींनाही टीबीने गाठलं होतं आणि दोघींचेही कान उपचारात गेले होते. अर्ज तुमच्या मुंबईच्या कार्यालयातला. मार्च 2023 मध्ये तो फेटाळला गेला. त्याच वर्षी, लुपिनसारख्या मुंबईच्या कंपनीचं बेडाक्विलिन आंतरराष्ट्रीय खरेदीत उतरल्यावर, सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत निम्म्याहून खाली, 130 डॉलरपर्यंत आली. ज्यांनी ऐकणं गमावलं त्यांनी तुम्हाला ऐकवलं, यापेक्षा जास्त मी काही लिहीत नाही.

खर्चाचं गाऱ्हाणं इथे सांगू नका. या औषधाच्या संशोधनात कोणाचा किती पैसा गेला, याचा अंदाज 2020 मध्ये काही अभ्यासकांनी मांडला. सरकारी आणि धर्मादाय पैसा कंपनीच्या पैशाच्या दीडपटीपासून पाचपटीपर्यंत निघाला. म्हणजे जगभरच्या करदात्यांनी आधी चाचण्यांना पैसे दिले आणि मग गोळीलाही दिले. काकांचा प्रश्न इथे जास्तच टोचतो.

मी तुम्हाला लोभी म्हणणार नाही. लोभ माझ्यातही आहे. महागड्या पट्टीवर माझंही कमिशन जास्त सुटतं. खोट आहे ती तुमच्या वसुलीच्या जागेत. संशोधनाचा सगळा पैसा तुम्ही माझ्या काउंटरवर, आजाऱ्याच्या खिशातून, गोळीगणिक वसूल करता. त्यामुळे जी गोळी खिसा बरा असलेला माणूस रोज आणि जन्मभर घेईल, तिच्या शोधात तुमचं डोकं फार छान चालतं. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, आणि आता वजन. या औषधांनी माझ्याच गिऱ्हाइकांचं आयुष्य वाढलं आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्याचा रोगी गरीब आहे, किंवा सहा महिन्यांत बरा होऊन दुकानात यायचा बंद होणार आहे, तिथे तुम्हाला काही सुचत नाही. जगातले सुमारे चौथाई टीबीचे रुग्ण आपल्या देशात, आणि बहुतेकांना औषध सरकारी दवाखान्यातून फुकट. त्यांच्याकडून तुम्ही काय वसूल करणार?

अँटिबायोटिकची गोष्ट याहून विचित्र. माझ्याकडे रोज कुणीतरी येतं आणि चिठ्ठीशिवाय ‘दोन अँटिबायोटिक द्या, घसा धरलाय’ म्हणतं. मी नाही म्हटलं की तोंड वाकडं करून पलीकडच्या दुकानात जातं. असं करत करत जुनी औषधं बोथट झाली. आता नवं येईल ते जपून, कुलपात ठेवून, दुसरं काही चालेना तेव्हाच काढायला हवं. म्हणजे चांगलं अँटिबायोटिक ते, जे कमी खपतं. आणि तुमचं बक्षीस सगळं खपावर! अमेरिकेत अकाओजेन नावाच्या कंपनीने असं एक औषध, प्लाझोमायसिन, 2018 मध्ये मंजुरीपर्यंत नेलं. पेटंट होतं, मंजुरी होती, गरज होती. 2019 च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. लिलावात ते औषध आपल्या सिप्लाच्या अमेरिकेतल्या शाखेने घेतलं. तुमच्यावर भरवसा ठेवून चांगलं काम करणारा असा बुडाला.

तुम्ही विचाराल, माझ्यावाचून दुसरा मार्ग कुठे आहे? आहे, पुण्यात आहे. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी येत, हजारोंनी मुलं जात. तिथल्या देशांनी सांगितलं, लस अर्ध्या डॉलरच्या आत मिळाली तरच परवडेल. मोठ्या कंपन्यांना त्या भावात रस नव्हता. मग गेट्स प्रतिष्ठानने 2001 मध्ये 7 कोटी डॉलर दिले, पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना पुढे झाल्या, अमेरिकेच्या एफडीएतल्या शास्त्रज्ञांनी लस जोडण्याची पद्धत दिली, आणि हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने लस बनवली. 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये टोचायला सुरुवात झाली. पुढे 30 कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली आणि ‘अ’ गटाच्या त्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. इथे किंमत आधी ठरली, पैसा आधी आला, मक्ता कुणी मागितला नाही.

दुसरा मार्ग इंग्लंडने 2022 पासून चालवून पाहिला आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा तेव्हा दोन अँटिबायोटिकांसाठी कंपन्यांना दर वर्षी ठरावीक रक्कम द्यायला लागली, प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत, औषध किती वापरलं याच्याशी त्या पैशाचा संबंध नाही. औषध तयार ठेवल्याचे पैसे, खपवल्याचे नाहीत.

हे मार्ग सोपे आहेत असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने 2008 मध्ये टीबीचं औषध सर्वांनी मिळून, उघड्यावर शोधायचा मोठा प्रकल्प मांडला होता. उत्साह पुष्कळ होता, पण माझ्या फळीपर्यंत एकही गोळी पोचली नाही. सरकारी पैसा वेळेवर येत नाही, देणगीदाराचं मन बदलतं, समिती नेमली की समितीच उरते. तुम्ही निदान झोपत नाही. म्हणून तुम्हाला देशाबाहेर काढा असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्या खोलीत तुमचं काम चालतं तिथे राहा. ज्या खोलीत चालत नाही तिथली किल्ली देऊन टाका.

विनंत्या चार.

पहिली : वीस वर्षं झाली की निघायचं. सॉल्ट, स्फटिक, दोन जुन्या गोळ्यांची एक नवी गोळी, असली सामानसुमानाची कारणं काढून मुक्काम वाढवायचा नाही.

दुसरी : हिशेब उघडा. नवं औषध काढायला किती लागतं, याचा 2014 चा अमेरिकेतला गाजलेला अंदाज 260 कोटी डॉलरचा. 2020 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी मोजलं तर मधला आकडा 98 कोटींच्या आसपास आला. एका वहीत इतका फरक निघाला तर माझा सीए मला उभं करणार नाही. आमच्याकडे तुम्हाला एक फॉर्म 27 भरावा लागतो, पेटंट देशात कसं वापरलं ते सांगायला. पूर्वी दर वर्षी भरायचा होता, मार्च 2024 च्या नियमांनी तो तीन वर्षांतून एकदा केला. मी जीएसटीचं रिटर्न महिन्याच्या महिन्याला भरते, साहेब. तुम्हाला वर्षातून एकदा काय जड होतं?

तिसरी : टीबी, अँटिबायोटिक आणि साथीचे रोग, या तीन ठिकाणी बाजूला व्हा. तिथे संशोधनाचा पैसा सरकारांनी आधी द्यावा, बक्षीस म्हणून द्यावा किंवा वर्षाच्या ठरावीक रकमेने द्यावा, आणि औषध सापडलं की पहिल्या दिवसापासून कुणालाही बनवू द्यावं. हा पैसा आम्हीच कर म्हणून भरू. निरोगी असताना थोडा थोडा भरणं सोपं जातं, आजारी पडल्यावर एकदम काढणं नाही.

चौथी : जिथे राहाल तिथे किंमत लोकांच्या आवाक्याबाहेर गेली तर रॉयल्टी घ्या आणि दुसऱ्याला बनवू द्या. नेक्साव्हारचा निकाल त्यासाठीच आहे. सक्तीच्या परवान्याचं कलम 84 वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तर त्याचीही मुदत संपल्यासारखी होते, आणि मुदत संपलेला माल आम्ही दुकानात ठेवत नाही.

बोलण्यात अधिक-उणं आलं असेल तर समजून घ्यावं. तुम्ही औषध शोधून घेण्याचा एक मार्ग आहात, आणि काही रोगांपुरता चांगला मार्ग आहात. एकमेव मार्ग असल्यासारखं वागणं तेवढं सोडा. उत्तराची घाई नाही, पण द्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मेडिकलवाली बाई
भाईंदर पूर्व

ता. क. पत्र उघडं आहे, म्हणून शेवटच्या चार ओळी वाचणाऱ्यांसाठी. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून तो मंजूर होईपर्यंत त्याला विरोध करायचा हक्क कायद्याच्या कलम 25(1) ने कुणालाही दिला आहे. वकील, कंपनी किंवा डॉक्टर असावं लागत नाही. पूर्वी त्याला फी नव्हती, 2024 पासून आहे. बेडाक्विलिनवरचा वाढीव हक्क थांबवला तो दोन रुग्णांनी. भाईंदरहून अंधेरीला उतरून हार्बरने वडाळ्याला जावं, तिथून अँटॉप हिल जवळच आहे.